परदेशी कलाशिक्षण आणि आपली जबाबदारी



नागपूर व मुंबईच्या कलाशाळांत शिकलेले सय्यद हैदर रझा १९५० साली फ्रेंच शासनाच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले. ती वाट ग्रामीण विद्यार्थ्यांनाही खुली आहे. परंतु केवळ गुणपत्रिकेच्या बळावर तेथे प्रवेश मिळत नाही. लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ आर्ट असो वा अमेरिकेतील ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, अर्जासोबत निवडक कामांचा संग्रह द्यावा लागतो. त्यात हुबेहूब नकलेपेक्षा प्रत्यक्ष निरीक्षणातून केलेली रेखाटने, कच्चे आराखडे आणि त्यांमागील विचार यांना महत्त्व असते. म्हणून मुलांच्या चित्रांवर आपण हात फिरवू नये. खाडाखोड झालेल्या वह्याही जपून ठेवाव्यात. गावातील विणकराचा माग वा कुंभाराचे चाक हाही उत्तम विषय होय.

खर्चाचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. ब्रिटनच्या व्हिसासाठी शुल्काची व निर्वाहाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचा पुरावा सामान्यतः लागतो. यास्तव शिष्यवृत्ती व शैक्षणिक कर्जाची चौकशी वर्षभर आधी सुरू करावी. जातीचे व उत्पन्नाचे दाखले वेळेवर मिळावेत, म्हणून पंचायत सदस्यांनी साहाय्य करावे. एका दाखल्याच्या विलंबामुळे एखाद्या गुणी मुलीचे वर्ष वाया जाऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.