नव्वदावं मिनिट
(स्नेहमेळाव्यातलं भाषण)



समितीने मला विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि पुढची पिढी'. मी बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे मला त्यातलं कळत असणार, असा समितीचा समज. मी त्यांना फोन करून सांगितलं की त्या विषयावर ऑफिसात रोज बोलावं लागतं, सुटीवर आल्यावर तरी नको. मी फुटबॉलवर बोलते. पलीकडून जरा वेळ आवाज आला नाही. मग विचारलं, "पण तू कुठे खेळायचीस?" खरं आहे. आपल्या वेळी मुलींच्या हातात रिंग नाहीतर थ्रोबॉल द्यायचे. मी खेळले नाही, पण बघितलं भरपूर, आणि हरताना तर फारच. म्हणून आज हरण्याबद्दलच बोलते, एफसी गोवाच्या हरण्याबद्दल. त्यात आपल्या शाळेची एक गोष्ट अडकलेली आहे, ती शेवटी येईल.

ज्यांचं फुटबॉलशी फारसं जमत नाही त्यांच्यासाठी आधी दोन वाक्यं. इंडियन सुपर लीगमध्ये महिनोन्‌महिने साखळी सामने होतात, गुण मिळतात, तक्ता लागतो. मग २०२५पर्यंत वरच्या काही संघांचे प्लेऑफ व्हायचे, म्हणजे बाद फेरी, आणि चषक त्यातूनच मिळायचा. म्हणजे वर्षभर सगळ्या चाचण्यांत पहिला नंबर काढायचा आणि वार्षिक परीक्षेच्या दिवशी ताप यायचा, असं होऊ शकायचं. आपलं तसंच होत आलं.

२०१५ साली आपण साखळीत पहिले होतो. प्रशिक्षक कोण, तर झिको! ब्राझीलचा झिको मडगावात बसून आपल्या पोरांना शिकवतोय, याचंच माझ्या बाबांना इतकं कौतुक होतं की बाकी काही नाही मिळालं तरी चाललं असतं. उपांत्य फेरीत दिल्लीकडे पहिला सामना एक गोलने हरलो आणि फातोर्ड्याला तीन गोल घालून परतफेड केली. अंतिम सामना २० डिसेंबरला, तोही फातोर्ड्यालाच, चेन्नईयिनशी. मी खास त्यासाठी सुटी काढून आले होते. बाबा नुकतेच वीज खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांचा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता. फोंड्याहून आम्ही दोघं दुपारीच निघालो.

स्टेडियम खच्चून भरलेलं, सगळीकडे नारिंगी. चेन्नईने ५४व्या मिनिटाला गोल केला, हाओकिपने चार मिनिटांत बरोबरी केली. आपल्या गोलवर लक्ष्मीकांत कट्टीमनी, गोव्याचाच मुलगा. त्याने त्या रात्री पेनल्टी अडवली, हे लक्षात ठेवा, कारण पुढे कोणी ठेवलं नाही. ८७व्या मिनिटाला जोफ्रेचा गोल झाला. दोन-एक. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने मला मिठी मारली. आणि बाबा उठले.

"चल गो बाय, जालें आतां."

गाडी लांब लावलेली, पायऱ्या उतरायला गुडघा दुखतो, गर्दीत सापडलो तर तासभर बाहेर पडता येणार नाही. मीही उठले. आता विचाराल तर वाटतं, थांबा म्हणायला हवं होतं, पण तेव्हा मलाही वाटलं, झालंच. बाहेर रस ऑमलेटचा गाडा होता. त्या गाडेवाल्याने मोबाईल तव्याशेजारी उभा करून ठेवला होता. आम्ही त्याच्यापर्यंत पोचलो आणि मागचं स्टेडियम गप्प झालं. आपल्या मैदानावर आपल्यावर गोल झाला की आवाज येत नाही, असलेला आवाज जातो. गाडेवाला म्हणाला, "दोन-दोन." ९०व्या मिनिटाला कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल. बाबा तिथेच उभे राहिले. दोन मिनिटांत मेंडोझाचा गोल. दोन-तीन. आत परत जायची सोय नव्हती. बोरीचा पूल येईपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. पुलावर म्हणाले, "आपण निघालो तेव्हा जिंकत होतो." पुढची कित्येक वर्षं ते हेच सांगत राहिले. त्यांनी ते दोन गोल टीव्हीवरही कधी पाहिले नाहीत.

बाकी सगळ्या गोव्याने मात्र पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि सगळा सामना एका नावावर नेऊन ठेवला. शेवटच्या मिनिटांत चेंडू तिथवर येऊ कोणी दिला, तिसऱ्या गोलच्या वेळी बचाव कुठे होता, हे विचारायला फार डोकं लागत नाही, पण राग आला की डोकं नको असतं. मीही त्यातलीच. बेंगळुरूला परतल्यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये कोणीतरी विचारलं, "काय गं, तुमचा गोवा कसा हरला?" मी एका वाक्यात सांगितलं, "गोलकीपरने घालवला."

आमच्या धंद्यात यासाठी एक पद्धत आहे. सिस्टिम बंद पडली की नंतर अहवाल लिहितात आणि त्यात 'कोणी' हा शब्द येऊ द्यायचा नाही, फक्त 'काय झालं' आणि 'का झालं'. एकदा रात्री उशिरा मी केलेल्या एका बदलामुळे आमचं काम पाऊण तास ठप्प झालं होतं. अहवालात माझं नाव नव्हतं. तपासणी का चुकली, धोक्याचा इशारा का वाजला नाही, एवढंच. तो अहवाल वाचताना मला रडू आलं, इतकं बरं वाटलं. फुटबॉलच्या धावफलकात ही सोय नाही. तिथे मिनिट लिहितात, पुढे नाव लिहितात, आणि ते कायमचं राहतं.

आता आपल्या शाळेची गोष्ट. १९९४, आपण नववीत. तालुक्याच्या आंतरशालेय स्पर्धेची उपांत्य फेरी. मुळात आपली शाळा उपांत्य फेरीत पोचली हेच नवल होतं. पाऊस, मैदानावर घोट्यापर्यंत चिखल. पीटीच्या सरांनी वेळ बघायला माझ्याकडे घड्याळ दिलं होतं, कारण मी आरडाओरडा करणार नाही असं त्यांना वाटलं. एक-एक. दोन मिनिटं उरलेली, हे मला एकटीला ठाऊक होतं. समोरून साधा फटका आला, आपल्या गोलीने चेंडू धरला, आणि तो ओला चेंडू त्याच्या हातातून निसटून पायांमधून आत गेला. गोलीला सोडून पुढे धावलेले आपले दोघे बॅक आज समितीत आहेत आणि जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे आहे, म्हणून मी अधिक बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एका शब्दात सगळा सामना लिहिलेला होता : गाळणी. दहावी संपेपर्यंत आपण त्याला त्याच नावाने हाक मारली. काहींनी लग्नाच्या आहेराच्या पाकिटावरही लिहिलं म्हणे. तो त्यानंतर गोलवर उभा राहिला नाही. दहावीत सरांनी दोनदा विचारलं, तो नाही म्हणाला. आपल्याला वाटलं, अभ्यास आहे.

तो शब्द फळ्यावर मी लिहिला होता.

पहिल्या अर्ध्यात त्याने दोन चांगले गोल वाचवले होते. वेळ मीच बघत होते, सगळा सामना माझ्या डोळ्यांसमोर झाला, तरी मला ते आठवलंच नाही. आठवलं ते २० मार्च २०२२ला.

त्या वर्षी कोविडमुळे सगळी लीग गोव्यातच झाली, प्रेक्षकांशिवाय. अंतिम सामन्याला मात्र लोकांना आत सोडलं. हैदराबाद आणि केरळ, मैदान फातोर्डा. हैदराबादच्या गोलवर कोण? कट्टीमनी. ८८व्या मिनिटाला हैदराबादला बरोबरी मिळवून दिली तीही गोव्याच्याच मुलाने, साहिल तावोराने. मग पेनल्टी शूटआउट. कट्टीमनीने तीन अडवल्या. तीन! जिथे त्याच्या नावावर तो गोल लागला, त्याच मैदानावर. बाबांचा फोन आला, "पाहिलंस?" बाबा ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या काळातले, गोलकीपर म्हटलं की त्यांचं मोजमाप तिथून सुरू होतं. त्या दिवशी म्हणाले, "ब्रह्मानंदही हसला असेल." आणि आपल्या बॅचच्या ग्रुपवर त्या रात्री पहिला मेसेज आपल्या गोलीचा होता. शब्द नाही, हातमोज्यांची तीन चित्रं. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. मी फोन हातात धरून बसले, काहीतरी लिहिलं, पुसलं, आणि झोपले.

मधल्या पराभवांवरून मी भरभर जाते. २०१९ला मुंबईत बेंगळुरूकडून अंतिम सामना, जादा वेळेत ११७व्या मिनिटाला भेकेचं हेडर. २०२१ला मुंबई सिटीकडून पेनल्टीवर, रिकाम्या बांबोळीत. याच काळात आपण सुपर कप जिंकला, साखळीची ढाल जिंकली, ड्युरँड कप जिंकला. पण कुठल्याही गोव्याच्या चाहत्याला विचारा, तो हरलेले सामने तिथीवार सांगेल, जिंकलेल्यांचं साल विचारून घ्यावं लागेल.

२४ एप्रिल २०२४ मात्र सांगितलाच पाहिजे. फातोर्डा, उपांत्य फेरी, समोर मुंबई. बोरिसचा गोल, मग ब्रँडनचा. ९०व्या मिनिटापर्यंत दोन-शून्य. मी बेंगळुरूला, बाबा फोंड्यात, दोघं आपापल्या टीव्हीपुढे आणि फोन चालू. बाबांची गोळ्यांची वेळ झाली होती. म्हणाले, "जालें गो, निजतां आतां." फोन ठेवला. आणि छांगटे, विक्रम प्रताप, परत छांगटे. साधारण सहा-सात मिनिटांत तीन गोल. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. सकाळी सहाला बाबांचा फोन : "पेपरात चूक छापलीय का गो?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग रात्री का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, एक रात्र तरी जिंकून झोपा. ते हसले नाहीत. म्हणाले, "मला दोनदा अर्ध्यावरून बाहेर काढलं."

त्यांना कोणी काढलं नव्हतं, दोन्ही वेळा ते स्वतःच उठले होते. पण मला वाद घालवेना.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ला, उपांत्य फेरीत आपली गाठ नेमकी बेंगळुरूशी. २ एप्रिलचा पहिला सामना मी कांतीरव्यावर जाऊन पाहिला, निळ्या गर्दीत, नारिंगी टीशर्टवर जॅकेट घालून, चेन गळ्यापर्यंत ओढून. दोन-शून्य हरलो. त्यातला पहिला गोल झिंगनचा स्वयंगोल. मागच्या रांगेतली पोरं त्याच्या नावाने हसत होती. मला एकदम फळा दिसला. त्याच रात्री मी आपल्या गोलीला फोन केला, म्हटलं, सहा तारखेला फातोर्ड्याला येतोस का, बाबांना घेऊन जायचंय, त्यांचा गुडघा आता फारच झालाय, मला एकटीला जमणार नाही. तो म्हणाला, गाडी मी काढतो.

सहा तारखेला रामनवमी होती. बाबा उपास सोडून, खिशात सुंठवड्याची पुडी घेऊन आले. आम्ही तिघं, बाबा मध्ये. उत्तरार्ध सुरू झाल्याबरोबर बोर्हाचा गोल. ८८व्या मिनिटाला सादिकू. दोन-शून्य, दोन्ही सामने मिळून बरोबरी! जादा वेळ खेळणार हे नक्की. माझ्या पोटात गोळा आला, कारण आकडे परत तेच होते. मी बाबांकडे पाहिलं. ते उठले नाहीत, दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसले होते. ९०+२ला सुनील छेत्री, चाळिशी गाठलेला माणूस, त्याचं हेडर. आणि तो आवाज गेला, जो मी पूर्वी बाहेरून ऐकला होता. आतून तो वेगळा असतो. आत माणसांचे श्वास ऐकू येतात.

शिट्टी झाली. लोक निघाले. मी बाबांचा दंड धरून उठवायला गेले.

"राव मातशें," ते म्हणाले. थांब जरा.

आम्ही बसलो. पुढ्यातून पोरं रडत जात होती. खेळाडू मैदानावर आडवे पडलेले. बाबांनी पुडी सोडली आणि दोघांच्या हातावर सुंठवडा ठेवला. स्टेडियम बरंचसं रिकामं झाल्यावर, बाबांच्या डोक्यावरून, मी आपल्या गोलीला म्हटलं, "नववीत फळ्यावर ते मी लिहिलं होतं."

तो सुंठवडा चघळत होता. म्हणाला, "माहीत आहे. 'ळ' तुझा होता. तू 'ळ' उलटा काढायचीस."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू कधी बोलतेस ते बघत होतो."

ही गोष्ट इथे सांगायला त्याची हरकत नाही, मी विचारून घेतलंय. फक्त एक अट घातली त्याने : पहिल्या अर्ध्यातले ते दोन वाचवलेले गोल सगळ्यांसमोर सांगायचे. सांगितले. पहिला उजवीकडे झेप घेऊन, साधारण दहाव्या मिनिटाला. दुसरा मध्यंतराच्या आधी, पायाने. घड्याळ माझ्याकडे होतं.

बाबा अजून तसेच बसले होते. मैदानावरचे दिवे एकेक करून विझवायला लागले तेव्हा त्यांनी एक हात माझ्याकडे केला, एक त्याच्याकडे, आणि म्हणाले, "आता चला. पार्किंग मोकळं झालं असेल."