बर्फावर उमटलेले भारताचे नाव

(पुसद येथे महिला, विद्यार्थिनी व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



पूस नदीच्या काठी वसलेल्या या गावात बर्फावरच्या खेळाविषयी बोलणे प्रथमदर्शनी थोडे विसंगत वाटेल. जिथे वैशाखात पारा सहज चाळिशी ओलांडतो आणि बर्फ म्हटला की उसाच्या रसातला खडा किंवा काडीवरचा गोळा एवढेच आठवते, तिथल्या श्रोत्यांना आइस हॉकीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु देशाच्या एका टोकाला काय घडते आहे, हे दुसऱ्या टोकाला ठाऊक असणे हेही राष्ट्रजीवनाचे लक्षण आहे. लडाख आपल्याला आठवतो तो १९६२ मध्ये, १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी किंवा २०२० मध्ये गलवानच्या वेळी. एरवी तो सहलीच्या छायाचित्रांपुरता उरतो. त्या लडाखच्या मुलींनी भारताचे नाव छातीवर धारण करून आंतरराष्ट्रीय मैदानात काय कमावले, याची कथा विदर्भातल्या घराघरांत पोहोचली पाहिजे.

खेळ कसा आहे?

आधी खेळ समजून घेऊ. आपल्या परिचयाच्या हॉकीत संघाचे अकरा खेळाडू गवतावर धावतात. आइस हॉकीत गोलरक्षकासह सहाच खेळाडू एका वेळी बर्फावर उतरतात. सुमारे साठ मीटर लांबीच्या बर्फाच्या मैदानाला ‘रिंक’ म्हणतात. चेंडूऐवजी कडक रबराची, दीडशे ग्रॅमहून अधिक वजनाची चपटी चकती असते. तिला ‘पक’ म्हणतात. बुटांखाली पोलादी पाती, हातात लांब काठी आणि अंगावर डोक्यापासून पायापर्यंत संरक्षक कवच. वीस-वीस मिनिटांच्या तीन डावांत सामना होतो. दमछाक इतकी होते की मिनिटभरात खेळाडू बदलावे लागतात. महिलांच्या खेळात पुरुषांसारखी अंगावर धडक देण्याची मुभा नाही. पण वेग आणि धोका यांत फारशी उणीव नसते.

हा खेळ कॅनडात वाढला. तिथले गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांची कन्या इझोबेल १८९० च्या सुमारास ओटावात हा खेळ खेळत असे. म्हणजे स्त्रिया त्यात प्रारंभापासूनच होत्या. तरीही महिलांची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये झाली आणि ऑलिंपिकचे दार त्यांच्यासाठी १९९८ मध्ये, जपानमधील नागानो येथे उघडले. पुरुषांना हा मान १९२० मध्येच मिळाला होता. साधनसंपन्न देशांतही स्त्रीला मैदानासाठी किती वाट पाहावी लागली, हे यावरून कळते. मग लडाखच्या मुलींची वाट किती खडतर असेल, याची कल्पना करावी.

रात्रीचे पाणी, सकाळचे मैदान

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यात तापमान उणे वीस अंशांपर्यंत उतरते. डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच काळ तळी गोठलेली असतात आणि तेवढाच काळ खेळ. बर्फाचा पृष्ठभाग नीट राहावा म्हणून रात्री त्यावर पाणी ओतायचे, ते गोठू द्यायचे आणि पहाटे भुसभुशीत हिम फावड्याने दूर सारायचे. मग खेळ सुरू. लष्करी जवानांच्या सहवासात तिथे हा खेळ रुजला. लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून पहिल्या पिढीने तो आत्मसात केला. १९८५ मध्ये लडाख विंटर स्पोर्ट्‌स क्लब स्थापन झाला आणि खेळाला शिस्त आली.

परंतु मैदान मुलांचे होते. त्यांचे सामने, त्यांचे सराव आटोपले की उरलेल्या वेळात मुलींनी बर्फावर उतरायचे. साहित्यही पुष्कळदा उसनवारीचे किंवा परदेशांतून दान म्हणून आलेले. कुणाचा बूट सैल, कुणाचे कवच मोठे. घरांतून आणि गल्लीतून विचारले जाणारे प्रश्न आपल्याकडल्यापेक्षा वेगळे नव्हते. मुलीच्या जातीला हे कशाला? हात-पाय मोडला तर पुढे काय? अशा प्रश्नांना वादाने उत्तर मिळत नाही. या मुलींनी ते खेळून दिले.

पहिले राष्ट्रगीत

आइस हॉकी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९८९ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य आहे. पुरुषांचा राष्ट्रीय संघ २००९ मध्ये अबुधाबीत प्रथम उतरला. महिलांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायला २०१६ उजाडले. स्थळ होते तैवानची राजधानी तैपेई, स्पर्धा आशियाई चॅलेंज चषकाची. संघातील बहुसंख्य मुली लडाखच्या होत्या. देशात सरावाला पूर्ण आकाराची वापरती रिंक नव्हती. हिवाळा सरला की गुडगावच्या एका मॉलमधील छोट्या रिंकवर सराव करावा लागे. प्रवास आणि सरावाच्या खर्चासाठी सर्वसामान्य नागरिकांपुढे हात पसरावे लागले आणि नागरिकांनी ते रिकामे परत पाठवले नाहीत. तैपेईत मात्र एकही विजय मिळाला नाही.

या खेळात एक सुंदर प्रथा आहे. सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर उभे राहतात आणि विजयी संघाचे राष्ट्रगीत वाजते. पराभूतांनीही ते स्तब्ध उभे राहून ऐकायचे. तैपेईत भारताच्या मुलींनी प्रत्येक सामन्यानंतर दुसऱ्यांची राष्ट्रगीते ऐकली. वर्षभराने, मार्च २०१७ मध्ये त्याच स्पर्धेसाठी त्या बँकॉकला गेल्या. फिलिपाइन्सविरुद्ध सामना रंगला आणि भारताने तो ४-३ असा जिंकला. महिला संघाचा हा पहिला आंतरराष्ट्रीय विजय. त्या दिवशी त्या बर्फावर प्रथमच ‘जन गण मन’चे स्वर घुमले. शाळेत रोज सकाळी आपण जे गीत म्हणतो, ते परक्या भूमीवर ऐकण्याचा अधिकार कमवावा लागतो, हे त्या मुलींइतके कुणाला उमगले असेल?

या संघाने आपल्याला काही नावे दिली. रिंचेन डोल्मा, डिस्किट अंगमो, त्सेवांग चुस्कित आणि गोलरक्षक नूर जहाँ. यांतील नूर जहाँ यांचे कर्तृत्व विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. हिवाळ्यात गोलपुढे उभी राहणारी ही लेहची मुस्लीम कन्या व्यवसायाने कलावारशाची संवर्धक आहे. लडाखमधील प्राचीन बौद्ध भित्तिचित्रे आणि थांका यांचे जतन ती करते. गोल राखणे आणि वारसा राखणे, दोन्हींना लागणारा गुण एकच : एकाग्र चिकाटी.

विजयानंतर या मुली थांबल्या नाहीत. त्यांनीच पुढाकार घेऊन लडाख विमेन्स आइस हॉकी फाउंडेशन उभे केले आणि दूरच्या खेड्यांतील लहान मुलींसाठी शिबिरे सुरू केली. २०१८ च्या जानेवारीत कॅनडाची ऑलिंपिक सुवर्णविजेती हेली विकेनहायझर लेहला येऊन त्यांच्यासोबत खेळली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संघाला कॅलगरीचे निमंत्रण मिळाले. २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात भारताच्या मुलींनी कांस्यपदक मिळवले. गोठलेल्या तळ्यापासून पदकापर्यंतचे अंतर त्यांनी नऊ वर्षांत कापले.

देशाचे देणे

कौतुक करून मोकळे होणे सोपे असते. या कथेत आपल्या व्यवस्थेसाठी एक कठोर धडा आहे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी देहरादूनला मोठी रिंक बांधली गेली. स्पर्धा झाल्या आणि देखभालीचा खर्च न पेलल्याने ती दीर्घकाळ बंद पडली. देशाच्या मुली मॉलमध्ये सराव करीत होत्या, तेव्हा देशातीलच एक रिंक कुलूपबंद होती. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची बाब. पण इमारत बांधणे हा उत्सव असतो आणि ती चालती ठेवणे हे व्रत असते. उत्सवात आपण पुढे असतो. व्रतात कमी पडतो.

आता वळूया आपल्या महाराष्ट्राकडे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत महिला हॉकीचे सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व एलिझा नेल्सन या महाराष्ट्रकन्येने केले. जानेवारी २०२५ मध्ये पहिला खो-खो विश्वचषक दिल्लीत झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा कर्णधार होती आपली प्रियांका इंगळे. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ च्या बुडापेस्ट बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये सुवर्णविजेत्या महिला संघात होती. आपल्याच विभागातील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. विदर्भाच्या मातीत खेळाची परंपरा नाही, असे कुणी म्हणू नये.

मग उणीव कुठे आहे? शाळेच्या क्रीडादिनी पाचवी-सहावीच्या मुलींची रांग पाहावी आणि नववी-दहावीच्या मुलींची रांग पाहावी. दुसरी रांग आखूड असते. मुलगी मोठी झाली, शिकवणी लागली, अंधार लवकर पडतो, अशी कारणे एकामागून एक येतात. मैदान सोडण्याचा निर्णय मुलगी क्वचितच घेते. तो तिच्यासाठी घेतला जातो. लडाखमध्ये मैदान वर्षातून तीनच महिने असते आणि तेही रात्री पाणी ओतून घडवावे लागते. आपल्याकडे खो-खोला काय लागते? दोन खांब, थोडी सपाट माती आणि संध्याकाळचा एक तास. माती आहे, खांबही आहेत. तो तास मात्र आपण मुलींकडून काढून घेतला आहे.

तो परत देणे हे काम शासनाचे नाही. ते आई-वडिलांचे आहे, शाळेचे आहे, मोहल्ल्याचे आहे. सायंकाळी मैदानावर दिवा लागेल, एखादी शिक्षिका किंवा आई तिथे थांबेल आणि मुलींच्या खेळाची वेळ मुलांच्या खेळानंतर उरलेली नसेल, एवढी व्यवस्था एखाद्या वस्तीलाही करता येते. त्यांतली प्रत्येक मुलगी भारताकडून खेळेलच असे नाही. पण पडून पुन्हा उठण्याची, हरल्यावर दुसऱ्याचा विजय ताठ मानेने पाहण्याची आणि वर्षभराने परत येण्याची सवय तिला लागेल. संसारात, व्यवसायात, समाजकार्यात ती सवय जन्मभर कामी येते.

लेहच्या मुलींनी पाण्याचे मैदान केले. पुसदच्या मुलींना मैदान घडवायचे नाही, ते केवळ त्यांच्या हाती सोपवायचे आहे. ते सोपवण्याचा संकल्प आज इथून उठताना प्रत्येक पालकाने करावा.