निखाऱ्यावरच्या कोंबडीसोबत काय वाढाल?

मे महिन्यात शेतावर शहरातले पाहुणे येतात आणि निखाऱ्यावर कोंबडी भाजायची म्हणतात. भाजायला पुरुषमंडळी हौसेनं पुढं होतात, बाकीचं ताट मात्र आपल्याच गळ्यात!

गेल्या वर्षी आमच्या गटानं ४० माणसांची ऑर्डर घेतली. काकडीची कोशिंबीर सकाळीच दही-मीठ घालून कालवली. दुपारपर्यंत पाणी सुटलं, दही आंबलं. पातेलंभर कोशिंबीर फेकली, वर पैसेही कापले गेले.

आता काकडी फक्त धुऊन ठेवतो. पाहुणे हात धुवायला उठले की चोचवायची, मग दाण्याचं कूट, दही, मीठ. दह्याचं मडकं तोवर ओल्या फडक्यात, सावलीत. कालवलेली कोशिंबीर तासाभरात संपली पाहिजे. आणि बायांनो, कच्च्या कोंबडीची विळी कोशिंबिरीला नको. आम्ही दुसरीच ठेवतो.

कैरी-कांद्याच्या चटणीला ही धावपळ नाही, ती आधी वाटून ठेवता येते.

कोंबडी उतरली की निखारे वाया घालवू नका. सालासकट कांदे गरम राखेत पुरा, मऊ झाले की सोलून मीठ-लिंबू लावा. ४० माणसांना ६० तरी घ्या, पोरं परत मागतात.