पटावरचे युद्ध आणि प्रामाणिक पंच

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून इतिहासाविषयी बोलण्याची पाळी ज्याच्यावर येते, त्याने पूर्वजांच्या तलवारीचे तेज वर्णावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे, असा आपल्याकडील परिपाठ आहे. आम्हीही तो दोन वेळा पाळला आहे. आज मात्र आपली क्षमा मागून आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत. हा खेळ आमचा जुना छंद आहे. आणि त्याने आम्हांस एकदा चांगलेच लाजविले, म्हणूनच तो आपणांपुढे मांडावासा वाटतो.

बुद्धिबळाचा पट आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. हत्ती, घोडे, उंट आणि प्यादी घेऊन लढण्याचा हा खेळ मूळचा आपल्याच देशातला. परंतु त्यात एक उणीव आहे. दोन्ही खेळाडूंना संपूर्ण पट दिसत असतो, आणि खऱ्या रणांगणावर सेनापतीला तसे भाग्य कधीच लाभत नाही. ही उणीव प्रशियातील राइसविट्झ नावाच्या पितापुत्रांनी दूर केली. पिता मुलकी अधिकारी होता. त्याने १८१२ साली आपल्या राजापुढे असा युद्धखेळ एका खास मेजावर मांडून दाखविला. पुत्र तोफखान्यात लेफ्टनंट होता. त्याने १८२४ साली त्याचे नियम छापून प्रसिद्ध केले. आठ हजारास एक या प्रमाणाचा नकाशा, त्यावर निळ्या व तांबड्या पलटणींचे ठोकळे, दोन मिनिटांच्या कालावधीची एकेक खेळी आणि हानी ठरविण्यास फासे, अशी ही रचना होती. तथापि तिचे खरे मर्म पंचात होते. खेळाडूंनी आपले हुकूम पंचाकडे लिहून पाठवावयाचे, आणि ज्याला जेवढे दिसणे शक्य, तेवढेच पंचाने त्याला दाखवावयाचे. प्रशियाच्या सेनापतींनी हा खेळ शिक्षणाचे साधन म्हणून उचलून धरला. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने शिशाचे शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन घरच्या फरशीवर लढण्याचे सुटसुटीत नियम पुस्तकरूपाने दिले. खऱ्या युद्धापेक्षा ही चिमुकली युद्धे शतपटीने बरी, असा त्याचा अभिप्राय होता. दुसऱ्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले!

आम्ही आमच्या घरी या खेळाला पानिपतचा विषय दिला. पुठ्ठ्याचे तुकडे कापले, नकाशा रेखला, आणि १४ जानेवारी १७६१ चा तो दिवस पुतण्यांसह मांडला. प्रथम सर्वजण एकाच नकाशाभोवती बसत असू. त्या वेळी भाऊसाहेब दर खेपेस जिंकत, आणि आमचे पुतणे म्हणत, "एवढे साधे त्यांना कसे सुचले नाही?" मग आम्ही राइसविट्झची रीत आणली. खरा नकाशा माजघरात पंचापाशी, भाऊसाहेब ओटीवर आणि अब्दाली परसदारी. हुकूम चिठ्ठ्यांवर. त्या दिवशी भाऊसाहेब झालेल्या थोरल्या पुतण्याने सकाळी इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी पुढे काढल्या आणि रोहिल्यांची फळी मोडली. त्याला विजय समोर दिसू लागला. अब्दालीने मागे राखून ठेवलेल्या फौजेचा पत्ता त्याला नव्हता. दुपारी ती फौज अंगावर आली, तेव्हा त्याच्यापाशी राखीव असे काहीच उरले नव्हते. छावणीतील उपासमार, बरोबरचा बायकामुलांचा व यात्रेकरूंचा परिवार, अब्दालीने यमुना ओलांडल्यावर दिल्लीकडील तुटलेली वाट, हे सारे त्याला प्रथमच कळले. पराभूताला मूर्ख म्हणण्याची त्याची सवय त्या दिवशी सुटली.

आता आमच्या लज्जेची गोष्ट. पंच आम्ही होतो. मराठी फौजेच्या एका बाजूस जे पथक होते, ते आपल्याच ज्ञातीच्या एका सरदाराचे. त्याचे नाव या संमेलनात दरवर्षी घेतले जाते. त्या पथकावर उंटांवरच्या तोफांचा मारा झाला. हानीसाठी आम्ही फासा टाकला, पाचाचे दान पडले, आणि आम्ही दोन असे सांगितले. धाकटा पुतण्या शेजारीच उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, दान पाचाचे होते."

सज्जनहो, हाच दोष एका आरमाराला भोवला आहे. मे १९४२ मध्ये जपानी आरमाराने मिडवेच्या मोहिमेचा खेळ 'यामातो' या युद्धनौकेवर मांडला. शत्रूच्या विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब अचूक टाकले, असे फाशाने ठरले आणि दोन नौका बुडाल्या. मुख्य पंचाने नवाचे तीन केले. बुडाली ती एकच नौका, आणि खेळाच्या पुढच्या भागात तीही पुन्हा तरंगू लागली. फासे टाकणाऱ्या अधिकाऱ्यानेच ही हकीकत पुढे लिहून ठेविली आहे. जूनच्या आरंभी, खऱ्या समुद्रावर, जपानच्या चार विमानवाहू नौका तळाला गेल्या. तेथे त्यांना वर काढणारा पंच नव्हता.

आपल्या ज्ञातीचे इतिहास लिहिताना आपण तरी दुसरे काय करतो? पानिपतचा दोष दुसऱ्याच्या पदरी, शौर्य आपल्या पदरी. प्रत्येक मंडळाच्या स्मरणिकेत आपापली बुडालेली नौका तरंगत असते. त्या सरदाराचे शौर्य आम्हांस आजही वंद्य आहे. परंतु त्याची हानी चोरून आम्ही त्याचा मान वाढविला नाही. ज्या संकटात तो उभा राहिला, ते संकटच आम्ही लहान केले.

म्हणून आमची कार्यकारी मंडळास विनंती आहे की, मंडळाच्या वाचनालयात रविवारी एक मोठे मेज तरुणांसाठी मोकळे ठेवावे. शेजारी 'भाऊसाहेबांची बखर' असावी, आणि शुजाच्या पदरी राहून ती लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराजाची हकीकतही असावी. पुठ्ठा, कात्री व फासे आम्ही देऊ. अट एकच: पंच दुसऱ्या ज्ञातीतून बोलवावा, आणि दान पडेल तेच मोठ्याने सांगावे.