उद्योगधर्म आणि कंटकशोधन

यमनियमांतील ‘अस्तेय’ या शब्दाचा अर्थ सामान्यतः परक्याच्या वस्तूस हात न लावणे एवढाच घेतला जातो. परंतु व्यापारात अशीही एक चोरी संभवते की जीत कोणाच्या घराचे कुलूप मोडले जात नाही. एकाच मालाचे चार विक्रेते बंद दाराआड बसून भाव ठरवितात. गिऱ्हाईक चारही दुकाने हिंडते आणि आपण पारखून माल घेतला या समाधानात घरी परतते. आपण लुबाडले गेलो, हे त्याला कळतही नाही.

आपल्या पूर्वसूरींना ही चोरी अपरिचित नव्हती. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणास ‘कंटकशोधन’ असे नाव दिले आहे. संगनमताने माल अडवून धरणाऱ्या अथवा गैरभावाने विकणाऱ्या व्यापाऱ्यांस त्यात एक हजार पणांचा दंड सांगितला आहे. देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर शेकडा 10 अशी नफ्याची मर्यादाही त्याने घालून दिली. कारागिरांना पीडा होईल अशा रीतीने एकत्र येऊन भाव ठरविणाऱ्यांस याज्ञवल्क्यस्मृती तर सर्वांत जबर दंड सांगते. नफा राजाने बांधून द्यावा, असे आज कोणी म्हणणार नाही. तथापि संगनमत हा अपराध होय, ही दृष्टी आजही कायम आहे.

मराठीत ‘काटा’ म्हणजे पायात रुतणारा कंटक, आणि तराजूचाही काटाच. शासनाने पहिला काढावा हे खरे. परंतु दुसऱ्यावर शासनाचाच हात असला तर काय, याचा विचार सिल्वासात केल्यावाचून पुढे जाता येत नाही.

2 ऑगस्ट 1954 रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले आणि 11 ऑगस्ट 1961 रोजी दादरा व नगर हवेली भारतात विलीन झाली. शेती आणि जंगल यांवर निर्वाह करणाऱ्या वारली, कोकणा, धोडिया समाजांचा हा मुलूख. येथे उद्योग यावेत म्हणून प्राप्तिकर कायद्याच्या आठव्या परिशिष्टात याची गणना मागास प्रदेशांत झाली. नव्या कारखान्यास पहिली 5 वर्षे नफ्यावर संपूर्ण करमाफी आणि त्यानंतर काही वर्षे अंशतः माफी, असा तो नियम. विक्रीकरातही सवलत होती. पॉलिएस्टर धाग्याचे आणि प्लॅस्टिकचे कारखाने येथे उभे राहिले, ते काही केवळ दमणगंगेच्या पाण्यासाठी नव्हे.

आता काही कोसांवरच्या वापीतील लहान कारखानदाराच्या जागी उभे राहून पाहावे. माल तोच, यंत्र तेच. पण सीमेपलीकडच्या प्रतिस्पर्ध्यास कर नाही आणि याला आहे. ही स्पर्धा समान म्हणता येणार नाही. मागासलेल्यास हात देण्यासाठी शासनाने ती जाणूनबुजून असमान केली होती, आणि या हेतूनेच तिचे समर्थन होते. कायदा लिहिणाऱ्यास मनुष्यस्वभावही ठाऊक होता. जुना धंदा तोडून किंवा नव्याने मांडून उभारलेल्या कारखान्यास माफी नाही. जुनी यंत्रसामग्री एक पंचमांशाहून अधिक मूल्याची नको. विजेवर चालणाऱ्या कारखान्यात निदान 10 कामगार हवेत. या अटी कागदावर पाळून त्यांचा हेतू बुडविणे अशक्य नव्हते, आणि उद्योगधर्माची कसोटी नेमकी तेथे लागते. सवलत वारली-कोकण्यांच्या नावाने मिळाली असेल, तर त्यांच्या मुलांना कारखान्यात काय शिकविले गेले, याचा हिशेब करखाते मागत नाही. 31 मार्च 2004 नंतर सुरू होणाऱ्या कारखान्यांस या प्राप्तिकर-माफीचे दार बंद झाले, आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर विक्रीकराचा तो जुना लाभही सरला.

संगनमताचा काटा मात्र राहिलाच. 1969 च्या मक्तेदारीविषयक कायद्याचा रोख बराचसा उद्योगाच्या आकारावर होता. 2002 च्या स्पर्धा कायद्याने तो वर्तनाकडे वळविला. बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून 2012 साली स्पर्धा आयोगाने 11 सिमेंट कंपन्यांस सुमारे 6,300 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कार्यपद्धतीतील दोषामुळे तो निर्णय 2015 साली रद्द झाला. 2016 साली आयोगाने पुन्हा दंड केला, 2018 साली अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला, आणि कंपन्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कोणत्याही मठाचा सभामंडप सिमेंटावाचून उभा राहत नाही. तेव्हा भाविकाच्या दानपेटीतील रुपया या प्रकरणाबाहेर आहे, असे कोणी समजू नये.

या कायद्यात एक तरतूद विलक्षण आहे. कटातील जो कोणी प्रथम येऊन सारे उघड करील, त्याचा दंड पूर्णही माफ होऊ शकतो. शास्त्रातील प्रायश्चित्तास अनुताप लागतो. कायदा तो मागत नाही, पुरावा मागतो. सोबत्यांच्या आधी पोहोचण्याची घाई त्यास पुरते, कारण असा कट बाहेरून सहसा दिसत नाही.

तो दिसतो कोठे, तर पुष्कळदा निविदांत. ‘दोन आपसांत ठरलेली आणि एक खरी’ अशी दरपत्रके मिळविणे हाही याच कायद्याचा भंग आहे, आणि त्याची माहिती आयोगास कोणीही नागरिक देऊ शकतो. संस्थांचे विश्वस्त छपरासाठी, अन्नछत्राच्या धान्यासाठी तीन दरपत्रके मागवितात. तिन्हींवर तीच शुद्धलेखनाची चूक, तोच टंक आणि तीच तारीख दिसल्यास चौथे दरपत्रक दुसऱ्या गावाहून मागवावे, आणि पहिली तीन फाइलीत जपून ठेवावी.