चेतांना चालना आणि मधुमेह
मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी व्हेगस चेता भूक व पचन यांचे नियमन करते. म्हणून तिचे संदेश विद्युत्स्पंदांनी बदलून चयापचयाचे, म्हणजे अन्नातून ऊर्जा मिळवण्याच्या आणि साठवण्याच्या क्रियेचे, विकार आटोक्यात आणण्याचा शोध सुरू आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत स्थूलतेसाठी अशा उपकरणाला मान्यता मिळाली. २०२२ मध्ये यकृतातील चेतांवर केंद्रित अल्ट्रासाऊंड सोडून प्राण्यांचा मधुमेह हटवल्याचे प्रसिद्ध झाले, आणि ही वाट अधिक आशादायक वाटते, कारण तिला शस्त्रक्रिया लागत नाही. २०१५ची ती अमेरिकी मान्यता किमान ३५ बीएमआयसाठी, म्हणजे उंचीच्या मानाने फार वजनदार रुग्णांसाठी, होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मात्र २००४ मध्ये स्वतःच्याच उदाहरणाने दाखवले, की २२.३ बीएमआयच्या सडपातळ भारतीयातही २१.२ टक्के चरबी असू शकते. अशी चरबी मधुमेहाकडे नेऊ शकते, म्हणून मुंबईच्या अंधेरी किंवा घाटकोपरमधील सडपातळ मधुमेहींसाठी चाचण्यांचे निकष वेगळेच ठरवावे लागतील.