डिस्नेलँडची सहल : खर्च, गर्दी आणि मोबदला

कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे वॉल्ट डिस्ने यांनी जुलै १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू केले. तेव्हा मोठ्यांना प्रवेश एक डॉलरमध्ये मिळे. राइडचे तिकीट वेगळे काढावे लागे. १९८२ मध्ये सुटी तिकिटे बंद झाली आणि प्रवेशशुल्कातच सर्व राइड मिळू लागल्या. २०१६ पासून गर्दीनुसार दर बदलू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वाधिक गर्दीच्या दिवसांचे तिकीट २०६ डॉलर झाले.

राइडमध्ये तासाला ठरावीक माणसेच बसू शकतात. त्यामुळे गर्दी वाढली की रांग लांबते. रांग टाळण्यासाठी १९९९ मध्ये आलेला ‘फास्टपास’ मोफत होता. २०२१ पासून त्याच्या जागी आलेल्या सोयीला जादा पैसे पडतात. साहजिकच ऐपतीप्रमाणे रांगेतही फरक पडला, आणि सर्वसामान्य कुटुंबाला त्याची झळ बसते.

२०२४ च्या त्या २०६ डॉलरच्या दराने दिवसभरात सहा राइड झाल्या, तर एक राइड सुमारे ३४ डॉलरला पडते. बारा झाल्या, तर १७ डॉलरला. म्हणून शाळा सुरू असतानाचा आठवड्यातला मधला दिवस निवडावा, उद्यान उघडण्याआधी दाराशी पोहोचावे आणि मोठ्या रांगांच्या राइड आधी उरकाव्यात. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. तारीख बदलण्याची मुभा असलेल्या कुटुंबाला ही सहल अजूनही परवडण्याजोगी ठरते. नाताळच्या सुट्टीतच जाणे भाग असेल, तर तेवढ्या खर्चात समुद्रकिनारा किंवा राष्ट्रीय उद्यान अधिक समाधान देते.